पारायण, पोथी आणि कादंबरी : नारायणगडाच्या परिसरातील ग्रंथशिफारशीचा विचार

१

मराठी वाङ्मयाचे जे इतिहास आजवर लिहिले गेले, त्यांत ग्रंथ व ग्रंथकार यांस मानाचे आसन मिळाले. वाचक मात्र बहुधा उंबरठ्याबाहेरच राहिला. ग्रंथ केव्हा व कोठे रचला गेला, त्याचा पाठ शुद्ध की भ्रष्ट, या प्रश्नांवर आपल्या संशोधकांनी आयुष्ये वेचली. परंतु तोच ग्रंथ एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती कसा दिला, 'हा तू वाचच' असे कोणी कोणास कोणत्या अधिकाराने सांगितले, आणि ज्यास सांगितले त्याने ते का मानले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला आहे. ग्रंथाचा गुण कितीही थोर असो, केवळ गुणाच्या बळावर तो शतके ओलांडीत नाही. प्रत्येक पिढीत त्याची कोणीतरी शिफारस करावी लागते. ही शिफारस करणारी माणसे आणि त्यांच्या रीती यांचाही इतिहास असतो, आणि तो वाङ्मयेतिहासाचाच भाग होय.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका मर्यादित क्षेत्रापुरता विचारात घ्यावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे बीड जिल्ह्यातील नारायणगड व त्याचा परिसर. हे क्षेत्र निवडण्यास कारण आहे. मुकुंदराज आणि दासोपंत या दोन ग्रंथकारांच्या समाधी याच जिल्ह्यात, अंबाजोगाई येथे आहेत. महानुभावांचे आत्मतीर्थ पांचाळेश्वर याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. म्हणजे मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातील तीन भिन्न धारा या एका जिल्ह्यात भेटतात. असे असता, या भागात गावोगावी जो ग्रंथ सामुदायिक वाचनासाठी उघडला जातो, तो या तिन्ही धारांपैकी एकीचाही नाही. तो नेवाशास सांगितला गेलेला आणि पैठणास शोधला गेलेला ग्रंथ आहे. हे असे का घडले, याचा शोध घेतला असता अभिजात ग्रंथ वाचकांपर्यंत कसा पोहोचतो आणि कसा पोहोचत नाही, यावर काही प्रकाश पडेल असे वाटते.

२

नारायणगडाच्या नावात गड असला, तरी तो लष्करी किल्ला नव्हे. बीड व नगर या भागांत डोंगरमाथ्यावरील संतस्थानास गड म्हणण्याचा प्रघात आहे. नगद नारायण महाराजांचे हे स्थान 'धाकटी पंढरी' या नावाने ओळखले जाते, आणि ज्यांस पंढरपूर गाठणे शक्य होत नाही असे परिसरातील लोक आषाढी एकादशीस येथे दर्शनास येतात. गडास महंतांची परंपरा आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने गडाचे खरे महत्त्व त्याच्या माथ्यापेक्षा त्याच्याभोवतीच्या गावांत, तेथे भरणाऱ्या सप्ताहांत आहे.

सप्ताहाची रचना मराठी वाचकांस परिचित आहे. तथापि ती वाचनाची संस्था म्हणून आपण क्वचितच पाहतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, नंतर गाथ्यावरील भजन, दुपारी प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व जागर, असा सात दिवसांचा क्रम असतो. वीणा या काळात खाली ठेवली जात नाही; पहारेकरी पाळीपाळीने ती घेतात. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या सात दिवसांत संपवावयाच्या म्हणजे दररोज सरासरी १,२८५ ओव्या वाचाव्या लागतात. व्यासपीठचालक पुढे वाचतो, आणि त्याच्या गतीने समोर बसलेले वाचक आपापल्या पोथीवरून ओवी म्हणतात. ज्यास अक्षर येत नाही तो ऐकतो. सकाळी वाचलेल्या ओवीचा अर्थ त्याच दिवशी प्रवचनात वा रात्री कीर्तनात पुन्हा भेटण्याचा संभव असतो. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन व महाप्रसाद होऊन समाप्ती होते.

या भागातील गडांच्या सप्ताहांस 'नारळी सप्ताह' म्हणतात. हा सप्ताह फिरता असतो. दरवर्षी नवे गाव तो आपल्याकडे घेते. ज्या गावास पुढील वर्षीचा मान मिळावयाचा, त्या गावास नारळ दिला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या नारळाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. एरवी एक वाचक दुसऱ्यास ग्रंथ सुचवितो तेव्हा सुचविणाऱ्यावर कसलेही ओझे नसते, आणि ज्यास सुचविले त्याने होकार देऊन पुढे ग्रंथ उघडलाच नाही, तरी त्यास कोणी जाब विचारीत नाही. येथे तसे नाही. नारळ घेणारे गाव सर्वांसमक्ष जबाबदारी घेते. मंडप, पाणी, हजारोंचे अन्न आणि सात दिवसांचा वेळ देण्यास ते बांधले जाते. शिफारस करणाऱ्या गावाने तो ग्रंथ नुकताच सात दिवस वाचलेला असतो; अनुभव घेतल्यावाचून तो कोणी पुढे देत नाही. अशा रीतीने सुचविणे, स्वीकारणे, वाचणे आणि पुढे देणे या चार क्रिया एका साखळीत गुंफल्या गेल्या आहेत, आणि साखळीचा प्रत्येक दुवा म्हणजे एक गाव आहे.

३

परंतु ही साखळी आकाशातून पडली नाही. तिच्या घडणीचे टप्पे पाहिले पाहिजेत.

पहिला टप्पा पैठणचा. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशास पूर्ण झाली. पुढील तीन शतकांत नकलाकारांच्या हातून तिच्यात अपपाठ शिरले. १५८४ साली एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. या कार्याकडे आपण संशोधन म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. तथापि ते वाचकासाठी केलेले कार्यही होते. अनेकांनी एकत्र बसून वाचावयाचे तर सर्वांच्या हातांतील पोथी एकच हवी. एकाच्या पोथीत एक ओवी आणि दुसऱ्याच्या पोथीत दुसरी असेल तर सामुदायिक वाचन शक्य होणार नाही. एकनाथांच्या शुद्धीकरणामुळे पुढील काळातील पारायणास आवश्यक ती पाठाची एकवाक्यता मिळाली. शिवाय एकनाथांनी स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहून तीही वाचकांपुढे ठेवली. ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि तुकोबांची गाथा हे तीन ग्रंथ वारकरी संप्रदायात प्रमाण ठरले. ही निवड म्हणजे मराठीतील एक प्राचीन आणि अत्यंत टिकाऊ अशी ग्रंथशिफारस होय.

दुसरा टप्पा मुद्रणाचा. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकर यांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली. तुकोबांच्या गाथेची शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात निघाली. त्यासाठी सरकारने २४,००० रुपये दिले होते. याच काळात ग्रंथ सुचविणारा एक नवा अधिकारी उदयास आला, तो म्हणजे शिक्षणखाते. परशुरामपंत गोडबोले यांचे 'नवनीत' १८५४ साली प्रसिद्ध झाले, आणि मराठी कवींपैकी कोणाचे काय वाचावे हे शाळेत जाणाऱ्या पिढ्यांस या संग्रहाने सांगितले. मठाच्या शिफारशीशेजारी शाळेची शिफारस उभी राहिली.

परंतु येथे भूगोलाचा विचार करावयास हवा. नवनीत, सरकारी गाथा आणि नगर वाचनालये ही सारी ब्रिटिश मुंबई इलाख्यातील घडामोड होती. रत्नागिरीस १८२८ साली, नगरास १८३८ साली, नाशकास १८४० साली आणि पुण्यास १८४८ साली वाचनालये स्थापन झाली. बीड मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तेथेच राहिले. तेथील राज्यकारभार व उच्च शिक्षण यांत उर्दूस प्राधान्य होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी ग्रंथांची शिफारस शाळेने करावी अशी परिस्थिती या भागात दीर्घकाळ नव्हती. नगर आणि बीड यांमध्ये अंतर फारसे नाही. परंतु एका बाजूस वाचनालय होते आणि दुसऱ्या बाजूस ते काम मठ, दिंडी व सप्ताह यांवर पडले, हा भेद लक्षात घेतल्यावाचून या परिसरातील वाचनाचा इतिहास कळणार नाही.

तिसरा टप्पा अध्यापनाचा. १९१७ साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या शिष्यांत बंकटस्वामी हे एक प्रमुख होत. नारायणगडाच्या माणिकबाबांचे शिष्य भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनी आळंदीस बंकटस्वामींजवळ अध्ययन केले आणि ते पुन्हा या परिसरात येऊन कीर्तन व सप्ताह यांच्या द्वारे कार्य करू लागले. पुढे ते नारायणगडाहून वेगळे झाले व त्यांच्या नावाने भगवानगड प्रसिद्धीस आला. आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, गडावरील ग्रंथवाचनास आळंदीच्या पद्धतशीर अध्यापनाची जोड मिळाली. ओवीचा अन्वय कसा लावावा, प्रमाण कोठले द्यावे, एका ग्रंथातील विचार दुसऱ्या ग्रंथाने कसा उलगडावा, याचे शिक्षण घेतलेली माणसे खेड्यांत पोहोचली. निजामाच्या राज्यात मराठी अभिजात ग्रंथांचे जे अध्यापन शाळेतून होऊ शकले नाही, त्याचा काही अंश या मार्गाने झाला, असे म्हणावयास हरकत नसावी.

४

आता लेखाच्या आरंभी जो प्रश्न उपस्थित केला त्याकडे वळू. अंबाजोगाईचे ग्रंथ आणि पांचाळेश्वरास तीर्थ मानणाऱ्यांचे ग्रंथ या साखळीत का आले नाहीत?

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेप्रमाणे शके १११० मधील, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधीचा. त्याचा काळ व स्थळ यांविषयी मतभेद आहेत, परंतु त्याच्या योग्यतेविषयी फारसा वाद नाही. तथापि या ग्रंथाचे स्वरूप गुरूने शिष्यास एकांतात सांगितलेल्या वेदान्ताचे आहे. ज्ञानेश्वरीही तत्त्वज्ञानाचाच ग्रंथ. परंतु तिच्यात श्रोत्यांची सभा आहे. वक्ता पदोपदी श्रोत्यांकडे वळतो, त्यांची क्षमा मागतो, त्यांना दृष्टान्त देतो. जो ग्रंथ स्वतःच्या पोटात श्रोत्यांसाठी जागा ठेवतो, तो सभेत वाचला जाण्यास अधिक योग्य ठरतो.

दासोपंतांची (१५५१–१६१५) गोष्ट निराळी. त्यांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. हा आकडा बाजूस ठेवला, तरी ग्रंथ अफाट आहे यात शंका नाही. सप्ताहाच्या मापाने पाहू गेल्यास सव्वा लाख ओव्यांना दररोज सुमारे १८,००० ओव्या वाचाव्या लागतील; ते मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे. त्यांची प्रसिद्ध 'पासोडी' तर सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली. ती एकमेव वस्तू; तिचे दर्शन घेता येते, ती गावोगाव फिरविता येत नाही. ज्याची नक्कल सुलभ नाही आणि ज्याच्या वाचनास काळाची मर्यादा घालता येत नाही, त्या ग्रंथाची शिफारस करणे कठीण जाते.

महानुभावांच्या बाबतीत कारण आणखी वेगळे आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. या निर्णयामुळे लीळाचरित्रासारख्या मराठी गद्याच्या अमोल ठेव्याचे रक्षण झाले. परंतु पंथाबाहेरील वाचकास त्याचे दार बंद राहिले. विसाव्या शतकात लिपीचा उलगडा झाला, १९३६ च्या सुमारास हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापण्यास प्रारंभ केला, आणि मग विद्यापीठांनी ते अभ्यासक्रमात घेतले. म्हणजे जो ग्रंथ सहा शतके पंथाने आपल्यातच पुढे दिला, त्याची सर्वांसाठी शिफारस झाली ती विद्वानांकडून.

यावरून असे दिसते की, ग्रंथ टिकणे आणि ग्रंथ पसरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. कापडावर लिहूनही ग्रंथ टिकतो, लिपीच्या कुलुपातही टिकतो. पसरण्यासाठी मात्र त्यास निश्चित पाठ, पेलणारे आकारमान आणि पुढे देणारी माणसे लागतात. पहिल्या दोन गोष्टी ग्रंथात असतात वा आणता येतात. तिसरी समाजाकडे असावी लागते.

५

या विवेचनात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे नाव दोन कारणांनी येते, आणि ती दोन्ही एकत्र पाहण्याजोगी आहेत.

बीड येथील पाटांगण येथे राजवाड्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व पाठाची आहे असा त्यांचा सिद्धान्त होता. तिच्या आधारे १९०९ साली त्यांनी आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. पोथीच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. तरीही राजवाडे संहितेस विद्वन्मान्यता लाभली, आणि १९६० साली शासनानेही ती प्रसिद्ध केली. असे असूनही वारकरी पारायणांत प्रचार राहिला तो एकनाथपरंपरेच्या, साखरे-दांडेकर यांनी सिद्ध केलेल्या पाठाचाच. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी १९५३ साली निघाली, आणि तिने पारायणाच्या व्यासपीठावर सहज स्थान मिळविले. पाटांगणची संहिता बीडच्याच मातीतली. पण बीडच्या सप्ताहात ती आली नाही. विद्वानाची शिफारस पुराव्यावर उभी असते, गडाची शिफारस सहवासावर. चारशे वर्षे जिभेवर रुळलेली ओवी एका नव्या पुराव्यापुढे मागे हटत नाही. यात सप्ताहाचे दोष दाखविण्याचा हेतू नाही. दोन प्रामाण्यांचे क्षेत्र निरनिराळे आहे, एवढेच सांगावयाचे आहे.

याच राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' हा निबंध लिहिला. 'यमुनापर्यटना'पासून (१८५७) मराठी कादंबरीस प्रारंभ झाला, 'मुक्तामाला' (१८६१), 'मोचनगड' (१८७१) अशा कृती आल्या, आणि १८९० पासून 'करमणूक' पत्रातून हरि नारायण आपटे यांनी तिला सामाजिक वास्तवाचे बळ दिले. या प्रवासाचा हिशेब घेऊन, युरोपीय कादंबरीच्या मापाने तिचे मोल राजवाड्यांनी ठरविले. मराठी वाचकाने कोणत्या प्रतीची कादंबरी वाचावी आणि लेखकाने कोणत्या प्रतीची लिहावी, हे सांगणारा हा निबंध म्हणजे नव्या वाङ्मयप्रकाराची शिफारसच होय. ज्याने बीडच्या पोथीवरून जुना ग्रंथ वाचकांपुढे ठेवला, त्यानेच जगातील कादंबरीकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले. अभिजात आणि अर्वाचीन यांमध्ये त्यास विरोध दिसला नाही.

तथापि कादंबरीचे वाचन हे स्वभावतः एकट्याचे वाचन आहे. तिला ना सात दिवसांची मर्यादा, ना व्यासपीठचालक. ती वाचनालयातून घरी येते आणि घरातून परत जाते. म्हणून कादंबरीचा प्रसार वाचनालय, नियतकालिक आणि परीक्षण या तीन आधारांवर अवलंबून राहिला. मराठवाड्यात हे आधार उशिरा उभे राहिले. मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना १९४३ ची. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा हैदराबाद राज्यात १९५५ साली आणि महाराष्ट्रात १९६७ साली झाला. म्हणून या परिसरातील खेड्यांत ज्ञानेश्वरी जितकी खोल गेली तितकी कादंबरी जाऊ शकली नाही, तर तो दोष वाचकाच्या अभिरुचीचा मानू नये. कादंबरीचा नारळ घेणारे गाव तिला मिळाले नाही, हे त्याचे कारण आहे.

या दोन वाचनपद्धतींची भेट कधी स्नेहाची झाली, कधी संघर्षाची. गो. नी. दांडेकरांच्या 'मोगरा फुलला' आणि 'तुका आकाशाएवढा' या कादंबऱ्यांनी संतचरित्र नव्या वाचकांच्या घरी नेले. उलट आनंद यादव यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीस वारकऱ्यांकडून तीव्र आक्षेप घेतला गेला. २००९ साली लेखकाने ती मागे घेतली, आणि महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही सोडले. त्या वादातील न्यायान्यायाचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. परंतु आपल्या प्रश्नापुरते एक निरीक्षण नोंदविले पाहिजे. सामुदायिक वाचनात चरित्र हे सर्वांचे असते, आणि एकान्त वाचनात कल्पना ही एका लेखकाची व एका वाचकाची असते. दोघेही 'माझा तुकाराम' म्हणतात, पण 'माझा' या शब्दाचा अर्थ दोघांचा एक नसतो.

६

येथे एक आक्षेप संभवतो. सप्ताहातील वाचन हे धर्माचरण आहे. त्यास वाङ्मयीन शिफारस म्हणणे म्हणजे श्रद्धेला रसिकतेचे नाव देणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. पारायणास बसणारा पुण्याच्या हेतूने बसतो, आणि न कळलेली ओवीही तो भक्तीने म्हणतो. रोजच्या १,२८५ ओव्यांच्या वेगात अर्थाकडे दुर्लक्ष होते, हेही नाकारता येणार नाही. शिवाय ज्याची शिफारस एकदा ठरली, त्याच्याबाहेर ही साखळी पाहत नाही. विवेकसिंधूस आणि लीळाचरित्रास तिने आपल्यात घेतले नाही, हे वर आलेच आहे. परंतु हेतू कोणताही असो, परिणाम वाङ्मयीन झाला. ज्या भागात शाळेने मराठी अभिजात ग्रंथ शिकविला नाही, तेथे तेराव्या शतकातील मराठी भाषा विसाव्या शतकातील शेतकऱ्याच्या कानास परकी राहिली नाही. हे कार्य लहान नव्हे.

विद्यापीठीय अभ्यासकांसाठी यातून दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. एक नोंदीचे : कोणत्या गावाने कोणत्या वर्षी नारळ घेतला, कोणती आवृत्ती वाचली, व्यासपीठावर कोण होते, ही माहिती आज वृद्धांच्या स्मरणात, सप्ताहांच्या जुन्या पत्रिकांत आणि गावच्या हिशेबाच्या वह्यांत आहे. ती गोळा केली तर मराठी वाचनाचा असा एक नकाशा तयार होईल, जो प्रकाशकांच्या सूचींतून मिळणार नाही. या कामास विलंब परवडण्यासारखा नाही, कारण पत्रिका रद्दीत जातात आणि वृद्ध आपल्यातून निघून जातात.

दुसरे कर्तव्य आत्मपरीक्षणाचे. अभ्यासक्रमात ग्रंथ लावणे ही देखील शिफारसच होय. दरवर्षी आपण विद्यार्थ्यांस कादंबऱ्या व अभिजात ग्रंथ नेमून देतो, परीक्षा घेतो आणि परीक्षेबरोबर संबंध संपतो. विद्यार्थी तो ग्रंथ पुढे कोणास देतो काय, याची आपणांस वार्ता नसते. लीळाचरित्र आणि विवेकसिंधु यांच्या बाबतीत तर ही जबाबदारी विशेष आहे, कारण त्यांची शिफारस करणारी दुसरी कोणतीही मोठी संस्था आज नाही. ती केवळ विद्यापीठांवर आहे. नारायणगडाच्या परिसरातील खेडे आपल्याहून गरीब असते, परंतु नारळ घेतला की ते वर्षभर तयारीस लागते. आपण नेमलेल्या ग्रंथासाठी आपण किती तयारी करतो, हा प्रश्न प्रत्येक अध्यापकाने स्वतःस विचारावा आणि त्याचे उत्तर वर्गात द्यावे.